उभी सायकल आणि आडवी सायकल

१९३४ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत, सायकलींच्या शर्यतींचीं सूत्रें ज्याच्या हातीं होतीं त्या आंतरराष्ट्रीय सायकल संघापुढें एक प्रश्न निकालासाठीं आला. ऐकणाऱ्याला तो पोरकट वाटावा असाच होता. सायकल म्हणजे काय? पुण्यासारख्या शहरांत, जेथें एका काळीं तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें गल्लोगल्लीं होतीं, तेथें एखाद्या शाळकरी मुलाला हा प्रश्न विचारला असता तर त्यानें विचारणाऱ्याकडे संशयानें पाहून भिंतीला टेकलेल्या यंत्राकडे नुसतें बोट दाखविलें असतें. दोन चाकें, मध्यें पायडलें, वर बैठक आणि पुढें हँडल. ह्यापलीकडे त्यांत सांगण्यासारखें काय आहे? परंतु संघाच्या सभासदांना तेवढ्यावर भागवितां येईना. कारण आदल्या उन्हाळ्यांत एक मनुष्य दोन चाकें, पायडलें, हँडल आणि बैठक एवढेंच असलेल्या एका यंत्रावर, पाठ टेकून व पाय पुढें पसरून, एखादा गृहस्थ जेवणानंतर ओटीवरील आरामखुर्चींत पडावा तसा पडून, एका तासांत आजवरच्या कोणत्याही शर्यतवाल्याहून अधिक अंतर कापून गेला होता. त्याचा उच्चांक मान्य करावा तर वीस वर्षांची परंपरा मोडत होती. अमान्य करावा तर कोणत्या कलमाखालीं, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें.

त्या प्रश्नाचें जें उत्तर संघानें दिलें, त्याचे परिणाम पुढें नव्वद वर्षें टिकले. आज जगांत कोठेंही सायकल म्हटली कीं जी आकृति डोळ्यांपुढें उभी राहते, ती तशी उभी राहण्यास कारणें पुष्कळ आहेत. त्यांपैकीं एक कारण म्हणजे तें उत्तर.

नेहमींची सायकल ही मुळांत घोड्याची वारसदार आहे. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें दोन चाकें एकामागें एक जोडून त्यांवर स्वार होण्याचा प्रयोग केला, तेव्हां त्याच्या यंत्राला पायडलें नव्हतीं. स्वारानें दोहोंकडे पाय टाकून बसावें आणि जमिनीला रेटा देत धांवावें, अशी ती योजना होती. पाय जमिनीस लागणें अवश्य, म्हणून ते खालीं लोंबणें अवश्य, म्हणून बैठक खोगिरासारखी. पुढें १८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकालाच पायडलें लागलीं. अधिक वेगाच्या हव्यासानें तें चाक पुरुषभर उंच झालें. त्यावरून तोंडघशीं पडून कित्येकांचे हातपाय मोडले. अखेर १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं करून मागच्या चाकाला साखळी जोडली, आणि तीनच वर्षांनीं डनलॉपनें त्या चाकांना हवेची धाव दिली. आपल्याकडे जिला पायगाडी म्हणत, ती हीच.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. साखळी आल्याबरोबर पायडलें चाकापासून मोकळीं झालीं. तीं चाकांच्या मध्यें असोत, पुढें असोत, खालीं असोत कीं वर असोत, साखळी लांब केली कीं काम भागत होतें. म्हणजे स्वारानें घोड्यावर बसल्यासारखेंच बसलें पाहिजे, ही अट त्याच दिवशीं नाहींशी झाली. परंतु यंत्राची अट गेली तरी माणसाची संवय जात नाहीं. जिनिव्हांत चालां नांवाच्या गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाठ टेकून चालविण्याची सायकल केली. पहिल्या महायुद्धानंतर झेपेलिन विमानांच्या कामांत मुरलेल्या पाउल यारे यानें जर्मनींत तशीच एक, साखळीऐवजीं तरफांवर चालणारी, बाजारांत आणली. लोकांनीं क्षणभर नवल केलें आणि आपापल्या खोगिरावर परत जाऊन बसले.

शार्ल मोशे ह्या फ्रेंच गृहस्थाची गोष्ट ह्याहून निराळी झाली, आणि तिचा आरंभ एका आईच्या काळजींत आहे. मोशे पॅरिसजवळ प्यूतो येथें लहानशा, हलक्या मोटारी बांधीत असे. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. सायकलीवरून पोर पडेल ह्या भीतीनें आई ती घेऊं देईना. तेव्हां बापानें तोड काढली. चार चाकांची, बैठकीला पाठ असलेली, मोटारीसारखी दिसणारी परंतु पायानें चालणारी एक गाडी त्यानें मुलाला करून दिली. मुलगा त्या गाडींतून शेजारच्या सायकलवाल्या पोरांना मागें टाकूं लागला, तसें बापाचें लक्ष तिकडे गेलें. खेळणें म्हणून केलेली वस्तु सायकलीपेक्षां वेगानें जाते, ह्याचा अर्थ काय? लवकरच मोशे मोठ्या माणसांसाठीं दोघे शेजारीं बसतील अशा चार चाकी पायगाड्या विकूं लागला. त्यांना त्यानें नांव दिलें व्हेलोकार. मोटार परवडत नाहीं, पण सायकलीवर दोघांना नीट बसून जातां येत नाहीं, अशा मध्यम स्थितींतील फ्रेंच कुटुंबांना ती सोय पसंत पडली.

ह्या चार चाकी गाडीला एक दोष होता. वळणावर वेग असला कीं ती कलंडूं पाहत असे. सायकलस्वार वळणावर आंतल्या बाजूस झुकतो. चार चाकांवरील माणसाला तें करतां येत नाहीं. मोशेनें ह्यावर जो उपाय केला तो सुतारालाही सुचावा इतका साधा होता. त्यानें गाडी मधोमध उभी चिरून तिची अर्धीच ठेवली, असें म्हटलें तरी चालेल. चार चाकांचीं दोन झालीं. स्वार दोन लहान चाकांच्या मध्यें, जमिनीपासून फार उंच नाहीं अशा, पाठ असलेल्या बैठकीवर बसे; पायडलें त्याच्या पुढें, बैठकीपेक्षां थोडीं वर; तेथून एक लांब साखळी मागच्या चाकाकडे जाई; आणि हातांतील हँडल दांत्यांच्या जोडणीनें पुढच्या चाकाला वळवी. वारा फोडण्यासाठीं कसलाही पडदा नाहीं, कवच नाहीं, शीड नाहीं.

ही शेवटची बाब मोशेला पक्की ठाऊक होती आणि तिचें महत्त्वही. १९१४ च्या सुमारास सायकलींना वाऱ्यापासून झांकणारीं आवरणें लावून वेग वाढविण्याचे प्रयोग झाले होते व संघानें तीं आवरणें निषिद्ध ठरविलीं होतीं. म्हणून मोशेनें १९३२ मध्यें संघाला आधींच पत्र घालून आपलें यंत्र शर्यतींत चालेल काय, अशी विचारणा केली. उत्तर अनुकूल आलें: यंत्राला वाऱ्याविरुद्ध कोणतेंही अधिक साधन जोडलेलें नसल्यामुळें त्यास मनाई करण्याचें कारण दिसत नाहीं. हें उत्तर देणाऱ्यांना पुढें काय वाढून ठेवलें आहे ह्याची कल्पना असणें शक्य नव्हतें. आरामखुर्चीला चाकें लावून कोणी शर्यत जिंकील, हें त्यांना खरें वाटलें नसावें.

आतां स्वार पाहिजे होता. नांवाजलेल्या पटूंपैकीं आंरी लमवान यानें यंत्र चालवून पाहिलें, तें त्याला सुखाचें वाटलें. परंतु लोक हंसतील ह्या भयानें त्यानें तें पत्करलें नाहीं. फ्रान्सिस फोर यानें पत्करलें. हा फोर पहिल्या प्रतीचा पटु नव्हता. त्याचा भाऊ बनुआ ‘तूर द फ्रान्स’मध्यें नांव मिळविलेला, हा त्याच्या सावलींतला. ज्याला गमाविण्यासारखें थोडें असतें तो नवीन गोष्ट लवकर हातीं घेतो, ही व्यवहारांतली नेहमींची गोष्ट येथेंही घडली. धांवपट्टीवर तो प्रथम उतरला तेव्हां, झोंप काढावयास आलास काय, अशा अर्थाची थट्टा त्याच्या वाट्याला आली. थट्टा करणारे थोड्याच वेळांत त्याच्या मागें पडले.

सायकलीच्या जगांत एक उच्चांक असा आहे कीं तो इतर सर्वांहून मोठा मानतात. बंदिस्त पट्टीवर एकट्यानें, पुढें कोणाचा आडोसा न घेतां, बरोबर एक तास सायकल हांकावयाची आणि किती अंतर झालें तें मोजावयाचें. त्यांत डावपेंच नाहींत, साथीदार नाहींत, दैवाचा भाग थोडा. पुढें ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारा आंरी देग्रांज यानें १८९३ मध्यें ३५ किलोमीटर ३२५ मीटर अंतर कापून हा उच्चांक प्रथम नोंदविला. १९०७ पासून मार्सेल बेर्ते हा फ्रेंच आणि नंतर ऑस्कर एग हा स्विस ह्यांची त्यावर जुगलबंदी लागली. एकानें पुढें जावें, दुसऱ्यानें त्याला गांठावें, असें करतां करतां १९१४ च्या जूनमध्यें एगनें ४४ किलोमीटर २४७ मीटर एवढी मजल मारली. पुढें दोन महिन्यांच्या आंत महायुद्ध पेटलें. युद्ध संपलें, तरुणांची एक पिढी आली आणि गेली, पण एगचा आंकडा तसाच राहिला.

१९३३ च्या ७ जुलैला पॅरिसच्या एका धांवपट्टीवर फ्रान्सिस फोर मोशेच्या आडव्या सायकलीवर बसला, किंवा निजला, आणि तासाअखेर त्याच्या नांवावर ४५ किलोमीटर ५५ मीटर लागले. एकोणीस वर्षें न हललेला आंकडा दुसऱ्या फळींतील माणसानें आठशें मीटरांहून अधिक अंतरानें मागें टाकला होता.

ह्या यशाचें रहस्य मोशेच्या यंत्रांतील कोणत्या चाकांत किंवा दांत्यांत नव्हतें. तें हवेंत होतें. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असतांनाही, जो मनुष्य सायकल वेगानें हांकतो त्याच्या श्रमांचा फार मोठा भाग समोरची हवा बाजूस सारण्यांत जातो. बाजारांत भाजी आणावयास निघालेल्याला ही हवा जाणवत नाहीं. परंतु वेग दुप्पट झाला कीं तिचा विरोध चौपट होतो, आणि तो चौपट विरोध दुप्पट वेगानें सारावयाचा असल्यामुळें लागणारी शक्ति आठपट होते. म्हणून चांगल्या पटूनें आपला वेग थोडासा वाढवावयाचा म्हटलें तर त्याचें बळ पुष्कळच वाढावें लागतें, आणि माणसाच्या छातीला व मांड्यांना मर्यादा आहे. मग एकच वाट उरते. समोरून पाहणाऱ्याला देह जेवढा दिसतो तेवढा कमी दिसला पाहिजे. उभ्या सायकलीवरील शर्यतवाला हेंच साधण्यासाठीं कमरेंत वांकतो, छाती खालीं घालतो, कोंपरे आंत ओढतो. परंतु त्याचे पाय खालीं, धड आडवें आणि डोकें वर अशी जी विचित्र घडी होते तिचा भार मनगटांवर, मानेवर आणि चिंचोळ्या बैठकीवर पडतो. आडव्या सायकलीवरील मनुष्य तीच गोष्ट उलट्या बाजूनें साधतो. त्याचे पाय हवा कापीत पुढें जातात, धड त्यांच्या मागोमाग येतें, आणि पाठीला टेंका असल्यामुळें मान व मनगटें मोकळीं राहतात.

एगचा उच्चांक मोडतांच उभ्या सायकलीवाल्यांनाही जाग आली, हा ह्या प्रकरणांतील मौजेचा भाग. त्याच ऑगस्टमध्यें हॉलंडच्या यान फान हाउट यानें ४४ किलोमीटर ५८८ मीटर, आणि चारच दिवसांनीं फ्रेंच पटु मोरिस रिशार यानें बेल्जममध्यें ४४ किलोमीटर ७७७ मीटर अंतर कापलें. आतां संघापुढें खरा पेंच उभा राहिला. एका तासाचा जगांतील उच्चांक कोणाचा? फोरचें अंतर अधिक होतें. रिशारची सायकल सर्वांच्या ओळखीची होती.

फेब्रुवारीच्या बैठकींत निकाल लागला तो व्याख्येच्या रूपानें. शर्यतीच्या सायकलीचा पायडलांचा आंस जमिनीपासून २४ ते ३० सेंटिमीटरांच्या दरम्यान असावा. बैठकीचें टोंक त्या आंसाच्या मागें १२ सेंटिमीटरांहून अधिक नसावें. आंस आणि पुढचें चाक ह्यांमधील अंतरही अमुकच असावें. मोशेच्या यंत्राचें नांव कोठेंही आलें नाहीं. तें येण्याची गरजही नव्हती. ज्याची बैठक पायडलांच्या पुष्कळ मागें आहे आणि पायडलें पुष्कळ वर आहेत, असें यंत्र १ एप्रिल १९३४ पासून शर्यतीच्या दृष्टीनें सायकल राहिलें नाहीं. फोरचा आंकडा निराळ्या वर्गांत, मानवी शक्तीनें चालणाऱ्या वाहनांच्या नोंदींत, घालण्यांत आला व उच्चांक रिशारचा ठरला.

हा नियम करणाऱ्यांना मत्सरी ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तें सर्वस्वीं न्याय्य होणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं शर्यत माणसामाणसांची आहे, यंत्रांची नव्हे. एगचें बळ आणि फोरचें बळ ह्यांची तुलना करावयाची तर दोघांखालीं एकच वाहन हवें. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. किंबहुना १९३५ च्या ऑक्टोबरमध्यें इटालियन पटु जुझेप्पे ओल्मो यानें मिलान येथें उभ्याच सायकलीवर ४५ किलोमीटर ९० मीटर अंतर कापलें, म्हणजे फोरच्याही पुढें ३५ मीटर. श्रेष्ठ पटु उभ्या सायकलीवर जें करूं शकतो तें सामान्य पटु आडव्या सायकलीवर करतो, एवढाच ह्या दोन आंकड्यांचा अर्थ. परंतु नियमाच्या कैवाऱ्यांच्या युक्तिवादांत एक उणीव राहते. स्टार्लीची साखळी, डनलॉपची धाव हीं देखील यंत्राचींच सुधारणा होतीं, आणि तीं ज्या शर्यतवाल्यांनीं आधीं घेतलीं ते तीं न घेणाऱ्यांच्या पुढें गेले. चढावर उपयोगी पडणारी साखळी बदलण्याची युक्ति देग्रांजनें आपल्या ‘तूर द फ्रान्स’च्या पटूंना कित्येक वर्षें वापरूं दिली नाहीं; १९३७ मध्यें ती आलीच. मग आरामखुर्चीलाच दार कां बंद व्हावें? सायकल बांधणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांचा माल सगळा एकाच आकाराचा होता, हें येथें विसरतां येत नाहीं.

नियमाचा खरा घाव कोठें बसला तें पाहावें. आडवी सायकल शर्यतींत हरली असती तर तिचे दोष उघड झाले असते आणि कोणीतरी ते सुधारले असते. ती हरली नाहीं, तुलनाच थांबली. जें यंत्र शर्यतींत चालत नाहीं तें कारखानदार बांधीत नाहीं, वर्तमानपत्र छापीत नाहीं, आणि तरुण पोर त्याच्यासाठीं हट्ट धरीत नाहीं. शार्ल मोशे त्याच वर्षीं, १९३४ मध्यें, वारला. वडिलांचें काम जॉर्जनें पुढें चालविलें. ज्याच्या आईला त्यानें सायकलीवर बसूं नये असें वाटत होतें, तोच हा मुलगा. ५ मार्च १९३९ रोजीं त्यानें आवरण चढविलेल्या आडव्या सायकलीवर फोरनें एका तासांत ५० किलोमीटर ५३७ मीटर अंतर कापलें. आवरणाच्या सायकलीवर जुना बेर्ते १९३३ मध्यें ४९ किलोमीटर ९९२ मीटरांवर, म्हणजे पन्नासाच्या उंबरठ्यापासून अवघ्या आठ मीटरांवर, थांबला होता. तो उंबरठा फोरनें ओलांडला. उभ्या सायकलीवर पन्नास किलोमीटर होण्यास १९८४ साल उजाडावें लागलें, आणि तेव्हां फ्रांचेस्को मोझेरच्या खालीं भरीव चाकांची, वाऱ्याचा पूर्ण विचार करून बांधलेली सायकल होती. फोरचा पराक्रम मात्र सहाच महिन्यांत दुसऱ्या महायुद्धाच्या धुरांत दिसेनासा झाला. जर्मनांच्या ताब्यांतील पॅरिसमध्यें पेट्रोल मिळेना, तेव्हां मोशेच्या चार चाकी पायगाड्यांना पुन्हां मागणी आली. युद्ध संपल्यावर जॉर्ज लहान मोटारी करूं लागला आणि आडवी सायकल जवळजवळ तीस वर्षें विस्मृतींत पडली.

ती पुन्हां वर आली ती अमेरिकेंत. कॅलिफोर्नियांतील प्राध्यापक चेस्टर काइल ह्यांच्या पुढाकारानें १९७५ मध्यें, आकाराचें कोणतेंही बंधन नसलेल्या, केवळ मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांच्या शर्यती सुरू झाल्या; पुढल्या वर्षीं त्यांचा निराळा संघ झाला. त्यांतील आंकडे ऐकून उभ्या सायकलीवाल्याला आपण कोणत्या युगांत आहोंत असें वाटावें. २०१६ मध्यें नेव्हाडांतील बॅटल माउंटन येथें टॉड रायखर्ट यानें सपाट रस्त्यावर ताशीं १४४ किलोमीटरांचा वेग गांठला. त्याच वर्षीं फ्रांचेस्को रुस्सो यानें जर्मनींत एका तासांत ९२ किलोमीटरांहून अधिक अंतर कापलें. २०२२ मध्यें फिलिप्पो गान्नानें उभ्या सायकलीवर तासांत ५६ किलोमीटर ७९२ मीटर केले, तेही अपूर्वच. अर्थात् रायखर्ट व रुस्सो ह्यांची वाहनें माशाच्या आकाराच्या बंद कवचांत होतीं, आणि त्या वेगांत आडव्या बैठकीचा वांटा किती व कवचाचा किती, हा हिशेब निराळा मांडावा लागेल. असलें वाहन घेऊन कोणी कचेरीला जात नाहीं.

कवच काढून टाकलें, पट्टी सोडली आणि दोन्ही सायकली साध्या रस्त्यावर, चढउतारांसह, एकत्र चालविल्या तर काय होतें? ही तुलना शर्यतीनें टाळली, पण ती आजही होते, आणि तिला एक फार योग्य जागा आहे. पॅरिसच्या परिसरांतून निघून ब्रिटनीच्या टोंकाशीं असलेल्या ब्रेस्त बंदराला जाऊन परत येण्याची, सुमारें १२०० किलोमीटरांची सफर १८९१ मध्यें शर्यत म्हणून सुरू झाली. १९३१ पासून हौशी स्वारही तींत उतरूं लागले. शर्यत पुढें बंद पडली. हौशींची सफर दर चार वर्षांनीं होते. नव्वद तासांत ती पुरी करावयाची, वाटेंतील ठाण्यांवर पुस्तिकेवर शिक्का घ्यावयाचा; पहिला कोण आणि शंभरावा कोण ह्याला तेथें मान नाहीं. आडव्या सायकली, जोडसायकली, तीन चाकी अशा सर्वांना मुभा आहे. त्यांचा एक निराळा गट सुटतो आणि मग तो बाकीच्यांत मिसळून जातो. पुण्यामुंबईचे स्वारही ह्या वाटेवर गेलेले आहेत.

ह्या रस्त्यावर मोठा डोंगर नाहीं, परंतु सपाटीही नाहीं. फुजेर, लूदेआक, कारे अशा गांवांतून जातांना टेकडीमागून टेकडी येते, आणि दोन प्रकारच्या सायकलींचा लपंडाव सुरू होतो. चढ लागला कीं उभ्या सायकलीवाला बैठक सोडून पायडलांवर उभा राहतो आणि देहाचें सारें वजन पायांखालीं देतो. आडव्या सायकलीवाल्याला हें करतां येत नाहीं. त्याचें वजन पाठीच्या टेंक्यावर पडून असतें, गाडीही बहुधा थोडी जड, आणि वेग फार मंदावला कीं तोल संभाळणें कठीण. तो लहान दांत्यावर साखळी टाकतो आणि धीरानें पाय फिरवीत राहतो. उभ्या सायकलीवाले एकामागून एक त्याच्या पुढें निघून जातात. माथा आला, उतार लागला, कीं पारडें फिरतें. उभा मनुष्य वाऱ्याला छाती देऊन खालीं येतो. आडवा मनुष्य वाऱ्याखालून निसटून जातो आणि त्याला मागें टाकतो. उताराच्या जोरावर पुढचा अर्धा चढ त्याला फुकट मिळतो. त्या चढाच्या वरच्या अर्ध्यांत पुन्हां तेच उभे सायकलवाले त्याच्याजवळून जातात. चार वेळां, आठ वेळां तींच माणसें एकमेकांना ओलांडतात, आणि तोंडओळख होते.

सोबतीनें जाण्यांत मात्र ह्या दोघांचें नीट जमत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. उभे सायकलवाले समोर वारा असला कीं एकामागें एक चिकटून जातात आणि पुढच्याच्या आडोशानें मागच्याचे श्रम वांचतात. थोड्या वेळानें पुढचा मागें येतो. आडव्या सायकलीच्या मागें असा आडोसा फारसा मिळत नाहीं. तिचा स्वार वाऱ्यांत जें थोडेंसें भोंक पाडतो तें मागच्या उंच माणसाच्या गुडघ्यांपर्यंतच पुरतें. उलट तो ह्यांच्या मागें राहिला तर त्याला पुढच्याची चाकें आणि पाठमोरी बैठक ह्यांपलीकडे रस्ता दिसत नाहीं. शिवाय गर्दींत तो खालीं असल्यामुळें दुसऱ्यांना चटकन दिसत नाहीं. पुष्कळजण म्हणूनच गाडीला उंच झेंडी लावतात. १९३३ मध्यें फोरच्या बरोबरीच्यांनीं ज्या तक्रारी केल्या असतील त्यांपैकीं ही एक तरी मत्सराची नव्हती.

दुसऱ्या रात्रीनंतर निराळा हिशेब सुरू होतो. कारेच्या पुढें रॉक त्रेव्हेझेलचा लांबट चढ आहे, ब्रिटनींतील रानगवताचा, बहुधा धुक्यांत बुडालेला. तेथवर पोंचेपर्यंत उभ्या सायकलीवाल्याच्या तळहातांना मुंग्या आलेल्या असतात, बैठकीची जागा सोलवटलेली असते, आणि क्वचित् कोणाची मान इतकी शिणते कीं डोकें वर उचललें जात नाहीं. लांबच्या सफरींत अशा स्वारांना हनुवटीखालीं आधार बांधून पुढें जावें लागलेलें आहे. आडव्या सायकलीवाल्याची मान, मनगटें आणि बैठक शाबूत असतात. त्याचे तळपाय बधिर होतात, किंवा आग आग होतात, कारण ते इतका वेळ हृदयाच्या पातळीला असतात. आणि पाऊस आला तर तो सरळ तोंडावर घ्यावा लागतो. झोंपेचा प्रश्न मात्र दोघांचा सारखाच अवघड. आरामखुर्चींत तो अधिक अवघड नसेल असें कोणी समजूं नये.

वाटेवरच्या खेड्यांतून घरापुढें मेज मांडून लोक रात्रीबेरात्रीं पाणी, कॉफी आणि पाव घेऊन बसलेले असतात. लहान पोरें आडवी सायकल दिसली कीं ओरडतात, मोठीं माणसें हंसतात. पॅरिसच्या धांवपट्टीवर हंसले तसें नव्हे. ब्रेस्तच्या ठाण्यावर दोन्ही सायकली एकाच कठड्याला टेकविल्या जातात, आडवी जरा जास्त जागा घेते. आंत मेजापाशीं रांग असते. स्वयंसेवक पुस्तिका उघडतो, वेळ लिहितो, शिक्का मारतो, आणि पुढच्याला बोलावतो.